सहा मिती, तीन पिढ्या

१९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र ही तिन्ही बले एकाच सममितीत गुंफली. गुरुत्वाकर्षण मात्र बाहेरच राहिले.

स्ट्रिंग सिद्धांत त्यालाही सामावून घेतो, पण त्यासाठी दहा मिती लागतात. आपल्याला जाणवतात चारच! १९८५ मध्ये कँडेलास, होरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटेन यांनी उरलेल्या सहा मिती कालाबी-याऊ नावाच्या सूक्ष्म भौमितिक आकारात गुंडाळल्या. त्यांच्या प्रारूपात या आकाराच्या ऑयलर संख्येची (आकाराची रचना सांगणाऱ्या पूर्णांकाची) निम्मी किंमत, चिन्ह वगळता, म्हणजे मूलकणांच्या पिढ्यांची (गटांची) संख्या. निसर्गात पिढ्या तीन, म्हणून ऑयलर संख्या अधिक किंवा उणे ६ हवी. असे आकार सापडलेही आहेत.

जॉर्जाय-ग्लॅशो यांच्यासारख्या महाएकीकरणाची, म्हणजे तिन्ही बले एकत्र गुंफण्याची, मोठी कसोटी म्हणजे प्रोटॉनचा क्षय. जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात तो अजून आढळलेला नाही.