आखाड्यातला पहिला रुपया

चारठाण्यास येणारा जिज्ञासू प्रवासी गोकुळेश्वराचे प्राचीन देवालय, तेथील पायऱ्यापायऱ्यांची बारव आणि नखशिखान्त कोरलेला तो एकाकी पाषाणस्तंभ पाहून इतका तृप्त होतो की, जिंतूर तालुक्याच्या या मुलखात यात्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या कुस्त्यांच्या दंगलीची चौकशी करण्याचे त्यास सहसा सुचत नाही. त्याचा दोष नाही. दगड शतकानुशतके उभा असतो आणि मातीतली झुंज सूर्यास्ताबरोबर आटोपते. तथापि या दंगलीत नवागताचे स्वागत करण्याचा जो एक रिवाज आहे, तो मला त्या स्तंभाइतकाच निरखण्याजोगा वाटतो.

उन्हे कलली की हलगी कडाडू लागते आणि मैदान प्रथम चिमुरड्यांच्या स्वाधीन होते. पंच दोन पोरांना मनगटांस धरून लोकांपुढे फिरवतो, वजनाचा आणि उंचीचा अदमास घेऊन 'जोड बरोबर आहे' असा कौल मिळाला की त्यांना सोडतो. या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. पडलेल्याच्याही ओंजळीत रेवड्या पडतात, त्यामुळे रडू ओठांपर्यंत येऊन तेथेच विरघळते. त्यानंतर नारळावरच्या कुस्त्या, मग रुपयावरच्या, आणि पुढे इनामाचा आकडा चढत चढत अखेरच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जातो. तालमीत जाणाऱ्या पोराच्या आयुष्यात रेवडीवरून रुपयावर जाणे ही खरी बढती होय. रेवडी खाऊन संपते; रुपया घरी न्यावा लागतो, आईच्या हातावर ठेवावा लागतो, देवापुढे ठेवावा लागतो.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे येथील जुन्या पिढीच्या हाती पडलेला तो पहिला रुपया बहुधा हाली शिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या चलनातला, असे. असा एक रुपया हे लिहिताना माझ्यासमोर आहे. मध्यभागी चारमिनार, भोवती आसफजाही किताब, मधल्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावाचे आद्याक्षर 'ऐन', आणि पाठीवर हैदराबादच्या टांकसाळीचा निर्देश. इंग्रजी अमलातला कळदार रुपया वजनाने बरोबर एक तोळा भरे. हाली त्याहून किंचित हलका आणि चांदीनेही उणा, म्हणून सात हालींचे सहा कळदार असा बट्टा चाले. 1959 साली हाली चलन कायद्याने बाद झाले. माझ्यासमोरच्या रुपयाला कडेशी एक भोक आहे. त्यात दोरा ओवून तो कोणाच्या तरी गळ्यात घातला गेला होता, आणि छातीवर घासून घासून चारमिनाराचे दोन मिनार जवळजवळ पुसले गेले आहेत. तो कुस्तीत मिळालेला आहे की मुलाला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला, हे नाण्यावर कोठेही लिहिलेले नाही.

स्मरणार्थ म्हणून मुद्दाम पाडलेली नाणी जगात पुष्कळ आहेत. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारत सरकारने नाणी काढली होती. ती संग्राहकांच्या बटव्यांत सुखरूप आहेत, पण कोणा पोराच्या पहिल्या घामाशी त्यांचा संबंध आला असेल असे वाटत नाही. ऑलिंपिकचा रिवाज मला अधिक जवळचा वाटतो: 1896 च्या अथेन्सपासून तेथे विजेत्यांच्या पदकांखेरीज सहभागी झालेल्या प्रत्येकास एक स्मरणपदक देण्याची परंपरा आहे. 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1948 साली लंडनमध्ये ते सहावे आले होते, हे सांगणारे थोडेच. सहाव्यालाही रित्या हाताने परत पाठवू नये, ही समजूत आपल्या यात्रेतल्या पंचांना कोणी शिकवावी लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत विभागून देतात, आणि एखाद्या नवख्याने हरतानाही चांगला डाव टाकला तर गर्दीतून कोणी म्हातारा उठून, धोतराच्या सोग्याची गाठ सोडून, आपल्या पदरचे नाणे त्याच्या मातीने भरलेल्या हातावर ठेवतो.

अलीकडे नाण्याची जागा नोटेने घेतली आहे. नोटेने इनाम वाढले, हे पैलवानाच्या खुराकाच्या दृष्टीने इष्टच. दूध, बदाम आणि तूप भावनेवर मिळत नाही. मात्र घामाने भिजलेल्या मुठीत नोट लगदा होऊन जाते आणि आठवड्याच्या बाजारात मोडते, तिला भोक पाडून गळ्यात घालता येत नाही. एवढ्यापुरता तरी मी जुन्या मताचा आहे. यात्रा कमिट्यांनी मोठ्या कुस्त्यांना खुशाल नोटांच्या माळा घालाव्यात, पण रुपयावर प्रथमच उतरणाऱ्या पोराला नाणेच द्यावे, आणि तेही पंचाने स्वतःच्या हाताने द्यावे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरच्या जुन्या पेटीत असा झिजलेला, भोक पाडलेला हाली रुपया असेल, त्यांनी तो सराफाच्या काट्यावर टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्यावे, की हा कोणाचा, आणि कोणत्या गावच्या यात्रेतला.