ठिणगी ओट्यावरच आहे

घरच्या लेथवर घडवलेलं, तळहातावर मावणारं पेट्रोल इंजिन. पिस्टन बसतो, व्हॉल्व्ह बसतात, आणि मग गाडी अडते ती ठिणगीवर. मोटारसायकलची कॉइल जोडावी, तर ती इंजिनाहून मोठी! एवढ्याशा यंत्रासाठी हजारो व्होल्ट आणायचे कुठून?

ओट्यावरचा गॅसचा लायटर बघा. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. खटका दाबला की टक्, आणि निळी ठिणगी. कितीदा तरी!

त्याच्या पोटात एक स्प्रिंग, एक छोटीशी हातोडी आणि सिरॅमिकचा इवलासा तुकडा असतो. खटका दाबताना स्प्रिंग आवळत जाते, हातोडी अडकून राहते आणि एका क्षणी सुटून सिरॅमिकवर आदळते. या सिरॅमिकचं नाव लेड झिर्कोनेट टायटॅनेट. त्याच्या स्फटिकांत धन आणि ऋण भार एकमेकांपासून जरासे सरकलेलेच असतात. दणका बसला की ते अंतर बदलतं आणि तुकड्याच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात. नुसत्या दाबातून वीज! झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये पॅरिसला हे दाखवलं. क्वार्ट्झमध्ये, टुर्मलीनमध्ये आणि चक्क उसाच्या साखरेच्या स्फटिकातसुद्धा!

एवढीशी ठिणगी पेट्रोल पेटवेल? हवा-पेट्रोलचं प्रमाण जमलं, तर मिलिज्यूलचा चौथा हिस्सा ऊर्जाही पुरते. खरी गोम पुढेच आहे. उघड्यावर लख्ख उडणारी ठिणगी सिलिंडरमध्ये रुसते. कारण पिस्टननं वायू दाबला की रेणूंची गर्दी होते. इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी वाटच मिळत नाही, म्हणून तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. यावर उपाय एकच, प्लगची फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत ठेवायची.

आणि वेग? मिनिटाला 2000 फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाला दर दुसऱ्या फेरीला एक, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 ठिणग्या हव्यात. तेवढ्या वेळा खटका दाबणार कोण? संथ इंजिनात ते काम एक कॅम करतो. पण स्प्रिंग आवळायची ताकद इंजिनाच्याच कमाईतून जाते, आणि इवल्या इंजिनाला तो खर्च जड पडतो.

म्हणून वेगवान इंजिनासाठी मला दुसरी युक्ती जास्त आवडते. फ्लायव्हीलमध्ये एक बारकं चुंबक, शेजारी हॉल सेन्सर. चुंबक समोरून गेलं की त्याला न शिवताच सेन्सरला कळतं! एडविन हॉलनं 1879 मध्ये शोधलेल्या परिणामाची ही करामत. इशारा मिळताच छोट्या बॅटरीवर भरून ठेवलेला कपॅसिटर झटक्यात एका चिमुकल्या कॉइलमध्ये रिकामा होतो, आणि प्लगवर ठिणगी पडते. ती पिस्टन टोकाला पोचण्याच्या जरा आधीच पडावी लागते, कारण ज्वाला पसरायलाही वेळ लागतो. सेन्सर फ्लायव्हीलभोवती थोडा पुढे-मागे सरकवायचा, एवढंच. काही अंशांनी जागा बदलली, तरी इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू येतो.