पडवीतला बटण गुलाब

वैतरणा स्थानकातून पहाटेच्या गाड्या विरारच्या दिशेने निघून गेल्या की गावातली कमावती माणसे रात्रीपर्यंत दिसत नाहीत. मागे उरतात ती लहान मुले, सत्तरी ओलांडलेली माणसे आणि त्यांची शुश्रूषा करणारी, पुष्कळदा त्यांच्याच वयाची, माणसे. सकाळी दहानंतर माझ्या दवाखान्यातील बाकांवर बहुधा हीच मंडळी असतात. त्यांच्यापैकी एका घराची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. तीत दोन चुका माझ्या आहेत, हे आधीच सांगून टाकते.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या पत्नी. काकांचे वय चौऱ्याहत्तर. काकूंना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश. त्यांच्या पडवीपुढच्या कठड्यावर गुलाबी बटण गुलाबाच्या अकरा कुंड्या होत्या. रोज सकाळी काकू त्या कुंड्यांपुढे उभ्या राहून फुले मोजत. मोजणी चुके, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, आणि त्यात पाऊण तास शांतपणे जाई. तेवढ्या वेळात काका अंघोळ, चहा, स्वयंपाकाची तयारी उरकून घेत.

दिवाळीनंतर काका उजव्या हाताचे बोट दाखवायला आले. लालसर, टणक, फारशी न दुखणारी पुळी. मी प्रतिजैविक दिले. आठ दिवसांनी पुळी फुटली होती. मी दुसरे प्रतिजैविक दिले. तिसऱ्या वेळी त्यांनी बाही वर केली, तेव्हा बोटापासून कोपरापर्यंत एका रेषेत चार गाठी उमटलेल्या दिसल्या. मग मी जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते विचारले : "काका, मधल्या काळात हाताने काय काम केलेत?"

"नवं काही नाही, बाई. गुलाब तेवढे छाटले."

गुलाबाचा काटा, कुजका पाला, माती आणि शेवाळ यांतून त्वचेत शिरणारी एक बुरशी असते. तिचे नाव स्पोरोथ्रिक्स. काटा टोचल्यानंतर काही आठवड्यांनी तेथे गाठ येते आणि पुढे लसवाहिनीच्या वाटेने एकामागून एक गाठी चढत जातात. आपल्या देशात हा विकार हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात अधिक आढळतो, आपल्याकडे क्वचित. म्हणूनच तो डॉक्टरच्या चटकन लक्षात येत नाही. साध्या प्रतिजैविकांचा त्यावर काही उपयोग होत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी गाठीचा तुकडा तपासणीस पाठवला, निदान पक्के झाले आणि इट्राकोनॅझोल सुरू झाले. हे औषध काही महिने घ्यावे लागते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांशी त्याचे जमत नाही. हृदय कमकुवत असणाऱ्यांना ते सहसा देत नाहीत. काकांची कोलेस्टेरॉलची गोळी बदलावी लागली. तेव्हा अशी वेळ तुमच्यावर आली, तर घरातील साऱ्या औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा.

ही झाली पहिली चूक. दुसरी अशी की, त्याच दिवशी मी त्यांना म्हणाले, "आता काही महिने कुंड्यांना हात लावू नका." मुलाने ते मनावर घेतले आणि त्या रविवारी साऱ्या कुंड्या उचलून घरामागे नेऊन ठेवल्या. पंधरा दिवसांनी काका आले ते बोटासाठी नव्हे. काकू सकाळी रिकाम्या कठड्यापुढे उभ्या राहत आणि मग फाटकाबाहेर चालू लागत. दिवस मावळला की त्यांची तगमग वाढे. काकांना सलग दोन तासही झोप मिळत नव्हती. माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८० होता आणि ते म्हणाले, "बोट राहू द्या, बाई. माझी झाडं तेवढी परत मागायला आलोय."

गुलाबाने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. परंतु दररोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच गोष्टीकडे वळणारे मन थोडे निवांत राहते, हे शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. या आजारात, तसेच कंपवातातही, गंधाची जाण पुष्कळदा लवकर मंदावते. म्हणून सुगंधी गुलाबाच्या आग्रहापेक्षा डोळ्यांना भरणारा रंग आणि बोटांना जाणवणारी पाकळी अधिक कामाची. शिवाय असे रुग्ण हाती येईल ते तोंडात घालू शकतात. गुलाबाची पाकळी विषारी नाही. अंगणातली कण्हेर आणि धोतरा मात्र विषारी आहेत. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर ही दोन झाडे आधी काढून टाका. कीटकनाशक फवारलेली पाकळी अर्थातच खाण्याजोगी राहत नाही. (गुलकंदाची चौकशी करणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. गुलकंद सुगंधी गावठी गुलाबाचा करतात, रोपवाटिकेतल्या बटण गुलाबाचा नव्हे. आणि त्यातली साखर मधुमेहाला सोडत नाही.)

बटण गुलाब का, तर तो वृद्धांच्या मापाचा आहे. झाड फूट-दीड फुटावर थांबते, आठ-दहा इंची कुंडीत वर्षानुवर्षे राहते आणि एका फांदीला फुलांचा झुबकाच देते. याच्या पूर्वजांची गोष्टही मला आवडते. गेल्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात, घरांच्या खिडक्यांतल्या कुंड्यांत एक वीतभर उंचीचा गुलाबी गुलाब रूलेट नावाच्या लष्करी गृहस्थांना दिसला. त्यांच्या नावावरून त्याला 'रूलेटी' म्हणू लागले आणि आजच्या पुष्कळशा छोट्या गुलाबांच्या वंशावळीत तो सापडतो. म्हणजे हे झाड मुळातच खिडकीतले. याहून थोडी मोठी, पसरणारी जात हवी असेल तर १९३२ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला 'द फेअरी' हा फिकट गुलाबी झुबक्यांचा गुलाब चिवट म्हणून नावाजलेला आहे. त्याला गंध मात्र जवळजवळ नाही.

झाडाला पाच-सहा तासांचे ऊन लागते; सकाळचे उत्तम. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि पाणी निथळण्यापुरती वाळू एवढे पुरते. खाडीकाठच्या आपल्या गावांत खरी अडचण पाण्याची. बोअरचे पाणी मचूळ असेल तर पानांच्या कडा करपतात आणि कुंडीवर पांढरे क्षार धरतात. अशा वेळी गोडे पाणी घाला आणि अधूनमधून कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतके भरपूर घाला, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतील. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. ती पाने वेचून घराबाहेर टाकावीत, कुंडीत कुजू देऊ नयेत. पाऊस सरल्यावर, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप देऊन छाटणी करावी. साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. सुकलेले फूल खुडत राहिले की पुढची कळी धरते. भुरी किंवा मावा दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. विषारी औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. अधू नजरेच्या माणसाने ती बाटली तोंडाला लावल्याचे मी पाहिले आहे आणि ते पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

काकांच्या घरी आम्ही कुंड्या परत आणल्या, पण जुन्या रीतीने नव्हे. पहिली गोष्ट हातमोज्यांची : कापडी मोज्यांतून काटा आरपार जातो, मनगट झाकणारे जाड चामडी किंवा रबरी हवेत. काटा टोचलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, काटा पूर्ण निघाला आहे ना ते पाहा. धनुर्वाताची लस लहान मुलांचीच, हा समज सोडा; प्रौढांना दर दहा वर्षांनी तिची मात्रा लागते आणि माझ्या ज्येष्ठ रुग्णांपैकी फार थोड्यांना आपली शेवटची मात्रा आठवते. मधुमेहींनी अनवाणी कुंड्यांपाशी जाऊच नये. पायाची संवेदना गेलेली असेल तर खुपसलेला काटा दुसऱ्या दिवशी मोज्यावरच्या डागाने कळतो. आणि महिनाभरात न भरणारी, वर सरकत जाणारी कोणतीही गाठ दाखवताना "मी बागकाम करतो" हे वाक्य डॉक्टरांनी न विचारता स्वतः सांगा.

दुसरी गोष्ट पडण्याची, आणि ती काट्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. ओल्या मातीची दहा इंची कुंडी दहा किलोच्या घरात जाते. ती वृद्धाने उचलायची नाही, मुलांनी रविवारी हलवायची. कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडल्या की वाकावे लागत नाही. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून खुर्चीवर बसून काम, बादलीऐवजी लहान तांब्या, आणि पावसाळ्यात फरशीवरचे शेवाळ घासून काढणे. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाचे पुढचे वर्ष कसे जाते, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना मी अधिक सांगायला नको.

तिसरी गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची. डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस ताटली नुसती रिकामी न करता घासा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. किंवा ताटलीत वाळू भरा. गुलाबांसाठी पिंपात पाणी साठवत असाल तर झाकण घट्ट हवे.

काकांचे औषध सहा महिने चालले. गाठी विरल्या, बोटावर एक फिका व्रण राहिला. कुंड्या आता अकरा नव्हेत, सहाच आहेत. तेवढ्याच झेपतात, असे आम्ही दोघांनी ठरवले. आठवड्यातून दोन दुपारी शेजारची सून काकूंजवळ बसते आणि काका झोपतात. हे ठरवायला मला गुलाबांपेक्षा अधिक वेळ लागला. काकांना मदत मागण्याची लाज वाटत होती. गेल्या आठवड्यात त्यांचा रक्तदाब पाहायला घरी गेले, तेव्हा काकू कठड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. "चौदा," असे मला सांगून त्यांनी पुन्हा पहिल्या कुंडीपासून मोजायला सुरुवात केली.