कळ कोणाच्या हातात?

लांबट पेटी, मधोमध कुत्र्याच्या खांद्याइतकी उंच भिंत. दिवे मंद होतात आणि दहा सेकंदांनी पायाखालच्या जाळीतून विजेचा धक्का बसू लागतो. सुटका सोपी आहे, भिंतीवरून पलीकडे उडी मारायची. कुठलंही कुत्रं हे पटकन शिकतं. आधी सैरावैरा धावतं, केकाटतं, धडपडीत एकदा पलीकडे पडतं, आणि थोड्याच वेळात दिवे मंद होताच उडी मारायला लागतं.

पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या तरुण संशोधकांना काही कुत्री अशी दिसली, की जी उडी मारतच नव्हती. थोडा वेळ पळायची, मग खाली बसून कण्हत धक्का सोसत राहायची. १९६७ साली त्यांनी यामागचं कारण एका प्रयोगातून मांडलं. प्रयोग क्रूर होता, त्याची रचना मात्र थक्क करणारी होती.

आदल्या दिवशी कुत्र्यांना झोळीत अडकवून ६४ धक्के दिले होते. पहिल्या गटातल्या कुत्र्याच्या डोक्याशी एक पट्टी होती, ती डोक्याने दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याने काहीही केलं तरी उपयोग नव्हता, त्याचा धक्का पहिल्या गटाइतकाच वेळ चाले आणि आपोआप थांबे. तिसऱ्या गटाला धक्केच दिले नव्हते. म्हणजे पहिल्या दोन्ही गटांच्या वाट्याला दुःख सारखंच आलं, वेळेचं मापसुद्धा तेच. फरक एवढाच, की एकाच्या करण्याने काहीतरी घडत होतं आणि दुसऱ्याच्या करण्याने काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पेटीत पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री उड्या मारू लागली. दुसऱ्या गटातल्या आठांपैकी सहांनी हार मानली. आपल्या करण्याने काहीच बदलत नाही, ही हतबलता ती आदल्या दिवशी शिकली होती, असा सिद्धान्त दोघांनी मांडला.

लहानपणी साखळीने बांधलेला हत्ती मोठेपणीही दोरी तोडत नाही, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर दर महिन्याला कोणीतरी पाठवतंच. ती सांगणारे बहुधा ‘दोरी तुझ्या मनातच आहे’ म्हणून मोकळे होतात. कुत्र्यांच्या बाबतीत असं मोकळं होता आलं नाही. भिंत काढून टाकून पाहिली, पलीकडून हाका मारल्या, मांसाचे तुकडे टाकले. कुत्री हलली नाहीत. शेवटी गळ्यात पट्टा अडकवून त्यांना पलीकडे ओढत नेलं, पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढायला जोर कमी लागू लागला, आणि मग ती आपणहून जायला लागली. समजावणं किंवा आमिष यांचा उपयोग झाला नाही. आपले पाय हलले की धक्का थांबतो, हे अंगालाच कळावं लागलं.

ही पेटी लवकरच माणसांच्या घरात आणली गेली. १९७९ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांविषयीच्या पुस्तकात हाच सिद्धान्त वापरला: ती निघून का जात नाही? कारण हतबलता शिकली आहे. हेतू चांगला होता, बाईला दोष देणाऱ्यांची तोंडं बंद करण्याचा. तरी मला या उपमेत एक गोष्ट खटकते. तिच्यात कुत्रं दिसतं, पेटी दिसते, धक्के देणारा दिसत नाही. शिवाय प्रयोगशाळेत कुत्र्याने उडी मारली की धक्का खरोखरच थांबत होता. घरात अनेकदा उंबरठा ओलांडणाऱ्या बाईलाच मोठा धोका असतो. एडवर्ड गोंडोल्फ आणि एलेन फिशर यांनी १९८८ साली टेक्सासमधल्या आश्रयगृहांत आलेल्या ६,००० हून अधिक स्त्रियांची माहिती मांडली. अत्याचार वाढले तसे या स्त्रियांचे मदत मिळवण्याचे प्रयत्न कमी झाले नव्हते, वाढले होते. कमी पडत होती ती मदत.

त्याहून मोठं आश्चर्य २०१६ साली आलं. जवळपास पन्नास वर्षांनी सेलिगमन आणि मायर यांनीच लिहिलं, की आपला मूळ सिद्धान्त उलटा होता. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूत बरंच डोकावून पाहिलं होतं. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं प्राण्याला शिकावं लागत नाही. मेंदूच्या खोल भागातला पेशींचा एक पुंजका ते आपोआप घडवून आणतो. शिकावं लागतं ते याच्या विरुद्ध: माझ्या करण्याने काही बदलतं. कपाळामागचा मेंदूचा एक भाग हे ओळखतो आणि त्या पुंजक्याला आवरतो. हा भाग औषधाने बंद केला, तर चाक फिरवून धक्का थांबवू शकणारा उंदीरही नंतर हतबल उंदरासारखा वागतो. उलट तो भाग औषधाने चेतवला, तर ज्याच्या हातात काहीच नव्हतं तो उंदीरही सावरतो. ज्याने एकदा चाक फिरवून पाहिलं आहे, त्याला पुढे न थांबवता येणारे धक्के बसले तरी तो सहसा कोसळत नाही.

घरात बायकोवर ताबा गाजवणाऱ्याला हे शास्त्र शिकावं लागत नाही. माहेरी फोन कधी करायचा, पगाराचं कार्ड कोणाजवळ राहील, भाजी कोणती आणायची, मैत्रिणीच्या घरी किती वेळ थांबायचं, असे निर्णय एकेक करून तो आपल्याकडे घेतो. एकेकटा पाहिला तर यातला कुठलाच निर्णय भांडण्याइतका मोठा वाटत नाही. पण माझ्या करण्याने काही बदलतं, हे रोज सिद्ध होण्याच्या जागा नेमक्या ह्याच असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हन स्टार्क यांनी २००७ साली अत्याचाराचा हाच सांगाडा उलगडून दाखवला, आणि २०१५ साली इंग्लंड-वेल्समध्ये जोडीदारावर असा सततचा ताबा ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, म्हणजे त्याच्याही आधीचा. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरला आहे: हक्काचा पैसा अडवणं, स्त्रीधन परस्पर विकणं, घरातल्या सोयी वापरू न देणं.