बेन जॉन्सन : पडद्यावरचा शिलेदार

घोड्यावर बसलेला मनुष्य आणि घोड्यावर बसवलेला मनुष्य यांत जो भेद आहे, तो मराठ्यांच्या जुन्या लष्करी कारभाराला पक्का ठाऊक होता. स्वतःचे घोडे आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस रुजू होई तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर स्वार होई तो बारगीर. अमेरिकेच्या ज्या चित्रपटांना 'वेस्टर्न' म्हणतात, आणि ज्यांची ओळख आपल्याकडच्या पुष्कळांना 'मॅकेनाज गोल्ड'मुळे झाली, त्यांतील बहुसंख्य नामांकित नट हे मोठ्या आदराने बोलायचे तरी बारगीरच होते. टोपी स्टुडिओची, पिस्तूल स्टुडिओचे आणि घोडा भाड्याच्या तबेल्यातला, बंदुकीच्या बाराला न बुजण्याची तालीम दिलेला. प्रसंग जरा अवघड आला की नटाला खाली उतरवीत, त्याच्याच पोशाखात दुसरा कोणी तरी खोगिरावर चढे, आणि चौखूर दौडीत स्वाराचे तोंड ओळखू येत नसल्यामुळे टाळ्या मात्र नटाच्या पदरात पडत. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट, जोएल मॅक्री अशा थोर थोर मंडळींसाठी असा 'दुसरा कोणी तरी' होऊन राहिलेल्या एका माणसाची ही हकीकत आहे.

'काउबॉय' या शब्दाचे भाषांतर आपण 'गुराखी' असे करतो आणि तेथेच फसतो. गुराखी म्हटले की आपल्यापुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला, पायी चालणारा पोर उभा राहतो. त्याच्या हाती पावा देण्याचा मोहही आपल्याला आवरत नाही. अमेरिकेचा काउबॉय हा पगारी स्वार होता. तेथील यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासमध्ये मोकाट वाढलेले जनावरांचे कळप शेकडो मैल हाकीत उत्तरेकडील रेल्वे स्थानकांपर्यंत पोचवणे हा त्याचा उद्योग, आणि त्या उद्योगाचे आयुष्य अवघे वीस वर्षांचे. 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले, मोकळ्या माळांना कुंपणे पडली, लोहमार्ग दक्षिणेत शिरले, आणि 1890 च्या सुमारास तो प्रवास इतिहासजमा झाला. 'रँच', 'लासो', 'रोडिओ' हे सारे शब्द त्याला मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलणाऱ्या स्वारांकडून मिळाले. पुढे चित्रपटांनी शब्द ठेवले आणि शब्द देणारे बहुधा वगळले. वीस वर्षांच्या या किरकोळ, धुळकट आणि अल्प वेतनाच्या धंद्यावर एका राष्ट्राने आपले पुराण रचले. तथापि धंदा अगदीच मेला नाही. कुंपणांच्या आत, मोठ्या रँचेसवर, दोर आणि घोडा यांची विद्या बापाकडून मुलाकडे जात राहिली.

अशाच एका घरात, ओक्लाहोमा राज्याच्या ओसेज परगण्यातील फोरेकर या खेड्यात, 13 जून 1918 रोजी बेन जॉन्सनचा जन्म झाला. बापाचे नावही बेन जॉन्सनच. तो रँचचा कारभार पाहणारा आणि पळत्या गोऱ्ह्यावर दोराचा फास टाकण्याच्या शर्यतीतला नाणावलेला विजेता होता. ही भूमी ओसेज नावाच्या मूळ रहिवाशांची. वेस्टर्न चित्रपटात गोऱ्या स्वाराच्या गोळीने घोड्यावरून कोसळण्यापलीकडे ज्यांना फारसे काम नसे, त्या लोकांच्या शेजारात हा पुढे पडद्यावर चमकणारा स्वार वाढला. या प्रकारच्या चित्रपटांवर जीव असणाऱ्याने त्यांतला हा अन्यायही मुकाट्याने स्वीकारू नये, असे मला वाटते.

1940 मध्ये हॉवर्ड ह्यूझ या धनाढ्याला 'द आउटलॉ' नावाच्या चित्रपटासाठी घोडे हवे होते, आणि त्याने ते ओक्लाहोमातून खरेदी केले. घोडे गेले तसा त्यांच्याबरोबर त्यांची देखभाल करणारा माणूसही गेला. आपण हॉलिवुडात कसे आलो, असे कोणी विचारले तर घोड्यांच्या डब्यातून आलो, असे जॉन्सन सांगे, आणि त्यात विनोद थोडा व वस्तुस्थिती अधिक होती. रँचवर दिवसाला सुमारे एक डॉलर मिळवणाऱ्या या बावीस वर्षांच्या तरुणाच्या हाती चित्रपटाचा पहिला चेक पडला तो तीनशे डॉलरांचा. त्यानंतर काठी घेऊन कोणी मागे लागले असते तरी आपण ओक्लाहोमास परतलो नसतो, असे तो म्हणत असे. चित्रपटांना घोडे पुरवणाऱ्या फॅट जोन्सच्या तबेल्याशी त्याचा संबंध आला, आणि 1941 मध्ये त्याच जोन्सची कन्या कॅरल हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढली सहा-सात वर्षे हा मनुष्य पडद्यावर अखंड दिसत होता आणि तरीही कोणाला दिसत नव्हता. पडणे, उड्या मारणे, उधळलेल्या गाडीवर चढणे, दुसऱ्याच्या नावाने मरणे, हाच त्याचा चरितार्थ.

मग 'फोर्ट अपाची'चे चित्रण आले. दिग्दर्शक जॉन फोर्ड, नायक जॉन वेन आणि हेन्री फोंडा. जॉन्सनकडे फोंडाच्या जागी घोड्यावर बसण्याचे काम. एका प्रसंगात माणसांनी भरलेल्या गाडीचे घोडे खरोखरच उधळले. त्या गाडीत तीन माणसे होती. पटकथेत हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे इतर मंडळी क्षणभर पाहतच राहिली, आणि जॉन्सन, जो आपल्या घोड्यावर तयारच बसलेला होता, तो टाच मारून निघाला, उधळलेल्या जोडीच्या बरोबरीस आला आणि त्याने ती थांबवली. याचे बक्षीस मिळेल, असे फोर्डने त्याला सांगितले. आणखी एखाद्या चित्रपटात पडण्या-धडपडण्याचे काम मिळेल, इतकीच जॉन्सनची अपेक्षा. प्रत्यक्षात त्याच्यापुढे आला तो सात वर्षांचा करारनामा. त्या दस्तऐवजाच्या पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर असा आकडा दिसला, आणि पुढचा मजकूर न वाचताच आपण सही केली, असे तो सांगे. आपल्याकडील एखाद्या कुळकर्ण्याने हे ऐकून कपाळाला हात लावला असता.

नट म्हणून त्याची पहिली मोठी भूमिका 'मायटी जो यंग' या 1949 च्या चित्रपटातली, आणि तीत त्याला एका प्रचंड गोरिलावर फास टाकायचा होता, जो गोरिला अर्थात तेथे नव्हताच. तो पुढे विलिस ओब्रायन आणि रे हॅरीहाउझन यांनी बाहुल्या एकेक चित्र हलवून निर्माण केला. परंतु जॉन्सन खरा पाहावा तो त्याच वर्षीच्या 'शी वोअर अ येलो रिबन'मध्ये. मॉन्युमेंट व्हॅलीतील तांबड्या शिळांच्या पायथ्याशी तो सार्जंट टायरी होऊन घोडा फेकतो तेव्हा इतर स्वारांकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहावे. इतरांचे कोपर दर टापेला उडते, टोपी सावरावी लागते, शरीर घोड्यामागून अर्धा क्षण उशिरा पोचते. जॉन्सनच्या कमरेखालचा भाग घोड्याचा आणि वरचा भाग जणू खुर्चीत बसलेल्या माणसाचा. लगाम एका हातात सैल, खांदे स्थिर, मांड अशी की खोगीर आणि स्वार यांच्यामध्ये कागद सरकू नये. शत्रू पाठीवर असताना तो घळीवरून घोडा उडवतो, आणि पलीकडे उतरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर शौर्याचा लवलेश दिसत नाही; दिसते ते फक्त घोड्याचे पाय नीट टेकले की नाही याकडे असलेले लक्ष. या टायरीची एक गंमतही आहे. वरिष्ठाने मत विचारले की तो अचूक मत देतो आणि लगेच सांगून टाकतो की ही बाब आपल्या खात्यातली नव्हे. लेखकाने हे वाक्य विनोदासाठी घातले असेल, परंतु ते बोलताना जॉन्सनला अभिनयाचे कष्ट पडले असतील असे मला वाटत नाही. जे आपल्याला येत नाही ते येते, असे या माणसाने हयातभरात भासवले नाही.

1950 मध्ये फोर्डने त्याला 'वॅगन मास्टर'मध्ये नायक केले. पडद्यावर एकही मोठा तारा नाही, तरीही स्वतःच्या आवडत्या चित्रपटांत फोर्ड त्याची गणना करी. 'वॅगन ट्रेन' ही दूरचित्रवाणीवरची गाजलेली मालिका त्यावरूनच सुचली. त्याच वर्षी 'रिओ ग्रँड' झाला. त्यात प्राचीन रोमन पद्धतीने दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय रोवून, उभ्याने दौड करण्याचे फर्मान फोर्डने सोडले, आणि जॉन्सन व त्याचा मित्र धाकटा हॅरी केरी यांनी तालीम करून ती दौड स्वतः केली, बदली माणूस न घेता. परंतु याच चित्रणाच्या मुक्कामी एका रात्री जेवणाच्या मेजावर वादाची ठिणगी पडली. दिवसभर गोळीबार इतका होऊन पडले मात्र थोडेच, अशा अर्थाचे काही तरी जॉन्सन केरीच्या कानाशी बोलला. ते फोर्डने ऐकले, आणि सर्वांसमक्ष अपशब्द वापरून काय म्हणालास असे दरडावले. जॉन्सन पानावरून उठला, दिग्दर्शकाजवळून जाताना त्याला मोजक्या व खरमरीत शब्दांत त्याची जागा दाखवली आणि बाहेर पडला. काम त्याने पुरे केले. पण पेशवाईतले कारकून ज्याला 'खपामर्जी' म्हणत ती त्याच्यावर झाली, आणि पुढली सुमारे चौदा वर्षे, 1964 च्या 'शायेन ऑटम'पर्यंत, ज्याने त्याला नट बनवले त्या फोर्डच्या चित्रपटात त्याला स्थान मिळाले नाही. चांगला चढलेला नायक तेथून दुय्यम भूमिकांकडे वळला. त्याने माफी मागावी असे ज्यांना वाटले असेल त्यांना व्यवहार कळत होता. माझे मत जॉन्सनच्या बाजूचे आहे.

जॉर्ज स्टीव्हन्सच्या 'शेन'मध्ये त्याने गुत्त्यात नायकाच्या अंगावर दारू फेकणारा आणि पुढे मनाने पालटणारा कॅलोवे रंगवला. तो चित्रपट 1953 मध्ये झळकत असताना जॉन्सन हॉलिवुडात नव्हताच. तो मोटारीमागे घोड्याची गाडी जोडून गावोगावच्या रोडिओंमध्ये हिंडत होता. बापासारखे आपणही विजेते व्हावे, ही इच्छा. दोन स्वारांनी मिळून, एकाने शिंगांवर आणि दुसऱ्याने मागच्या पायांवर फास टाकून पळता गोऱ्हा आडवा ताणायचा, अशा जोडीच्या शर्यतीत त्याने त्या वर्षीचे जगज्जेतेपद मिळवले. वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते; शिल्लक राहिली ती एक खिळखिळी मोटार आणि एक संतापलेली बायको. हे त्याचेच सांगणे. तो निमूटपणे पुन्हा चित्रपटांकडे आला.

दूरचित्रवाणीचा काळ त्याच्या बाबतीत थोडक्यात सांगता येतो, कारण तेथील काम हे बहुतेक रोजमुऱ्याचे होते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वेस्टर्न मालिकांचे पीक आले होते आणि खरा स्वार सर्वांनाच हवा होता. 'लॅरमी', 'बोनान्झा', 'गनस्मोक' यांत तो पाहुण्यासारखा येई आणि जाई. 1966 मध्ये 'द मन्रोज' मालिकेत त्याला कायमची भूमिका मिळाली, पण ती मालिका वर्षभरातच आटोपली. 1979 च्या 'द सॅकेट्स'मधला त्याचा वयोवृद्ध कॅप राउंडट्री मात्र आवर्जून पाहण्यासारखा आहे.

सॅम पेकिनपाच्या 'द वाइल्ड बंच'मध्ये, 1969 साली, शेवटच्या कत्तलीकडे चालत जाणाऱ्या चौघांत विल्यम होल्डन, अर्नेस्ट बोर्गनाइन आणि वॉरन ओट्स यांच्याबरोबर तो आहे. इतका रक्तबंबाळ चित्रपट करणारा हा गृहस्थ पुढच्याच वर्षी पीटर बॉगडॅनोविचच्या 'द लास्ट पिक्चर शो'ला नकार देतो, आणि कारण काय, तर बोलणे फार आहे आणि त्यात शिव्या आहेत! पडद्यावर माणसे मारताना ज्याचा हात कापला नाही त्याची जीभ मात्र अपशब्दाला अडखळे. बॉगडॅनोविच सांगत असे त्याप्रमाणे अखेर त्याने म्हाताऱ्या फोर्डलाच गळ घातली, आणि जन्मभर जॉन वेनच्या मागे मागेच राहायचे आहे काय, असे फोर्डने जॉन्सनला फोनवर विचारले. तेव्हा तो तयार झाला, पण आपली वाक्ये आपल्या तोंडाला शोभतील अशी करून घेण्याच्या अटीवर.

लॅरी मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवरचा हा कृष्णधवल चित्रपट टेक्सासमधील आर्चर सिटी या ओसाड होत चाललेल्या गावात घेतला. जॉन्सनचा 'सॅम द लायन' हा त्या गावच्या बिलियर्डच्या अड्ड्याचा, खानावळीचा आणि एकमेव चित्रपटगृहाचा मालक. एका उथळ तळ्याकाठी मासे धरीत बसला असता तो शेजारच्या पोराला वीस वर्षांपूर्वी येथेच आपल्याबरोबर पोहायला आलेल्या एका अवखळ तरुणीची आठवण सांगतो. कॅमेरा सावकाश त्याच्या चेहऱ्याजवळ येतो आणि सावकाशच मागे सरतो. घोडा नाही, दोर नाही, दौड नाही. वयाची पन्नाशी उलटलेला एक माणूस बसल्या जागी बोलतो आहे, आणि सबंध आयुष्य चौखूर निघून गेल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. चित्रपटभर मिळून तो दहा मिनिटांहूनही किंचित कमी वेळ दिसतो. एप्रिल 1972 मध्ये याच भूमिकेसाठी त्याला साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, आणि ते हाती घेऊन, हे याहून भल्या माणसाला मिळूच शकले नसते, असे तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. सभागृह हसले.

त्यानंतर पंचवीसेक वर्षे तो काम करीत राहिला. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'द शुगरलँड एक्स्प्रेस'मधील पोलिस अधिकारी त्यांत उत्तम. बाकीच्यांत बरेवाईट दोन्ही आहे. 1994 मध्ये कॅरल गेली. 8 एप्रिल 1996 रोजी ॲरिझोनातील मेसा येथे, आईच्या भेटीस गेला असता, त्याला मृत्यू आला. आईने वयाची नव्वदी केव्हाच ओलांडली होती. लेकाच्या पश्चात ती आणखी काही वर्षे जगली.

ओसेज परगण्याचे मुख्य गाव पॉहस्का. जॉन्सनचे दफन तेथेच झाले, आणि घोड्यावर स्वार होऊन फास टाकीत असलेला त्याचा ब्राँझचा पुतळाही तेथेच आहे. दर जून महिन्यात गावात गोऱ्ह्यांवर फास टाकण्याची शर्यत भरते, तिला बेन जॉन्सनचे नाव आहे. बाहेरून आलेला चित्रपटप्रेमी ते नाव वाचून हरखतो. पण ती शर्यत बापाच्या स्मरणार्थ आहे.