कुत्र्याचें शिक्षण : छडी कीं शाबासकी?

हाक मारली असतां कुत्रा परत येत नाहीं, ही अनेक घरांतली तक्रार असते. मैदानांत मोकळा सोडलेला कुत्रा चार हाका ऐकूनहि फिरत राहतो. पांचव्या हाकेला येतो, आणि संतापलेला धनी त्याला छडी मारतो. धन्याच्या मतें ही शिक्षा उशिरा येण्याबद्दल असते. कुत्र्याला मात्र एवढेंच उमगतें कीं, धन्याजवळ गेलें म्हणजे मार बसतो. दुसऱ्या दिवशीं तो अधिकच दूर पळतो. आणि वाटेंत मोटार आडवी आली, तर हा धडा त्याच्या जिवावर बेततो.

प्राणी शिकतात कसे, याविषयींचे आपले प्रयोग अमेरिकेंतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांनीं भुकेल्या मांजरांना पेटींत कोंडून बाहेर अन्न ठेविलें. धडपडतांना केव्हां तरी दोरी ओढली जाई व दार उघडे. पुढें निरर्थक धडपड कमी होऊन सुटकेची कृति लवकर घडूं लागली. जिचें फळ गोड ती कृति टिकते, हेंच तत्त्व. बी. एफ. स्किनर यांनीं १९५१ सालच्या एका लेखांत तें कुत्र्याला कसें लावावें, हें सांगितलें. टिकटिक वाजणारें खेळणें वाजवून लगेच खाऊ द्यावा. त्या आवाजाचा अर्थ कुत्र्याला कळला, कीं हवी ती कृति घडतांच आवाज करावा.

घरीं "शाबास" हा शब्दहि तेंच काम करतो. बसावयास शिकवितांना खाऊचा तुकडा कुत्र्याच्या नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यावरून मागें न्यावा. मान वर होतांच मागचा भाग बहुधा खालीं टेकतो; त्याच क्षणीं शाबासकी व तुकडा द्यावा. उशीर झाला व कुत्रा उठला, तर बक्षीस उठण्याला मिळतें! संवय पक्की झाल्यावर खाऊ अधूनमधून दिला तरी पुरतो.

पोर्तुगालमधील संशोधकांनीं ९२ पाळीव कुत्र्यांचें निरीक्षण २०२० सालीं प्रसिद्ध केलें. बक्षिसानें शिकणाऱ्यांपेक्षां, ज्यांच्या शिक्षणांत शिक्षेवर भर होता त्या कुत्र्यांत मानसिक ताणाचीं लक्षणें अधिक आढळलीं.

म्हणून हाकेचा अभ्यास प्रथम घरांत, मग लांब दोरी बांधून अंगणांत करावा; मोकळें सोडणें शेवटीं. आणि पांचव्या हाकेला आलेल्या कुत्र्यालाहि शाबासकीच द्यावी. राग गिळणें धन्याला कठीण जाईल; परंतु परत येणें सुखाचें आहे, ही खात्रीच कुत्र्याला रस्त्यावरून घरीं आणते.