दुपारचं ऊन धाब्यातून रात्री उतरतं

दरवर्षी साधारण २० ते २८ मेच्या दरम्यान बुलढाणा जिल्ह्यात एक नवल घडतं. दक्षिणेच्या सिंदखेडराजापासून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, एकेका गावात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्या घडीला भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छतावर होतो. खामगाव, शेगाव, मलकापूरकडे पारा ४३-४४ अंशांवर गेला, की घर किती तापणार हे सर्वात आधी छत ठरवतं.

इथल्या धाब्याच्या घरांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. जाड मातीच्या भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर तुराट्या-पालापाचोळा आणि सर्वात वर मातीचा जाड थर. त्या थरात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. उष्णता रोज लाटेसारखी चढते आणि ओसरते. ही लाट कोरड्या मातीत शिरली की दर दहा-बारा सेंटिमीटरला तिचा जोर जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि ती सुमारे चार तास मागे पडते. म्हणजे थर ३० सेंटिमीटरचा असेल, तर वरच्या चढउताराचा दहावा हिस्साही आत पोचत नाही. शिवाय दुपारी एकची झळ छताच्या आतल्या अंगाला लागेपर्यंत रात्रीचे अकरा-बारा वाजतात. तोवर घरातली माणसं धाब्यावर अंथरूण टाकून झोपलेली असतात, कारण वरची माती आभाळाकडे उष्णता सोडून गार झालेली असते. घराची घडण आणि माणसांची रीत किती नेमकी जुळलेली होती!

पावसाचं काय? मातीचं छत वाहून कसं जात नाही? पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारी माती टाकून चोपायची पद्धत आहे. त्या मातीतल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होतात, फुगतात आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात. वरचा पातळ थर ओला होतो आणि स्वतःच पाण्याची वाट अडवतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात सोडियमचा हाच गुण शेतकऱ्याला छळतो, कारण तिथे पाणी जमिनीत मुरतच नाही. शेतातला दोष छतावर गुण ठरतो.

अर्थात धाब्याचं ओझं मोठं असतं. त्याला दरवर्षी डागडुजी लागते आणि आठ-आठ दिवसांची झड लागली की ते गळतं, कधी खचतंही. म्हणून लोक टिनाकडे आणि स्लॅबकडे वळले, आणि ते समजण्यासारखं आहे. पण टिनाचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यात लाटेला उशीर होत नाही की तिचा जोर ओसरत नाही, त्यामुळे भर उन्हात खाली बसलेल्याला तो चुलीसारखा भाजतो. बारा-पंधरा सेंटिमीटरचा स्लॅब उष्णता तीन-चार तास अडवतो आणि मग नेमकी संध्याकाळी घरात सोडू लागतो. सूर्य मावळल्यावरही पंख्याची हवा गरम का लागते, त्याचं कारण हेच.

तत्त्व कळलं की उपाय आपल्याच शिवारात सापडतात. ताजा पांढरा चुना ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो, म्हणून एप्रिलच्या आधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. त्याआधी भेगा बुजवून घेतल्या तर पावसाळाही निभावतो. टिनाखाली वीतभर अंतर सोडून तट्ट्यांचं किंवा बोर्डाचं छत घातलं, तर मधली हवा आणि ते आडछत मिळून पत्र्याची आच थेट अंगावर येऊ देत नाहीत. त्या पोकळीतली तापलेली हवा निघून जायला दोन्ही टोकांना वाट मात्र ठेवायला हवी. एवढं केलं की कूलरला आधीच कमी तापलेली खोली मिळते, आणि त्याचा फरक विजेच्या बिलात दिसतो.